तिथं अवकाळी पडत नाही

कुसुममावशीने तीस वर्षं तासगावच्या शाळेत भूगोल शिकवला, आणि त्या तीस वर्षांत भूमध्य समुद्राकाठी उन्हाळ्यात एकदाही पाऊस पडू दिला नाही.

नववीला तो धडा होता. उन्हाळे उष्ण व कोरडे, हिवाळे सौम्य व पावसाळी. पिके द्राक्षे, ऑलिव्ह, अंजीर, बदाम. आता तासगावात हा धडा शिकवणं सोपं नाही, कारण वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी द्राक्षबाग. माल तोडणीला आला की आभाळाकडे बघत जेवणारी घरं. दरवर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचंच, "बाई, तिथं अवकाळी पडत नाही का?" आणि मावशी दरवर्षी सांगायची, "नाही. तिथं अवकाळी पडत नाही." मग वर्ग गप्प व्हायचा. कीर्तनात वैकुंठाचं वर्णन आलं की माणसं होतात तसा.

मे महिन्यात मावशी निवृत्त झाली. तिच्या जागी आलेल्या श्रीधर सरांनी निरोपसमारंभातच तिला गळ घातली की मुलाकडे, भाच्याकडे कुठं जाल तेव्हा जा, पण एक फोटो आणा. तुम्ही द्राक्षबागेत उभ्या, मागं कोरडा डोंगर, त्याच्या मागं समुद्र. मोठा करून भूगोलाच्या खोलीत लावू, आणि तुम्ही येऊन नववीला तो धडा शेवटचा शिकवा. मावशीला मुलगा नव्हता. भाचा होता. तो मी.

मी तेव्हा जर्मनीत, कार्ल्सरूहेत एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो. काम असं होतं की कुणी विचारलं तर मला नीट सांगता येत नसे, आणि म्हणूनच बहुधा कंपनीने मला बढती दिली होती. २००६चा जुलै. फुटबॉलचा वर्ल्डकप नुकताच संपला होता, गाड्यांवरचे झेंडे काढायचं कुणाच्या अंगात त्राण नव्हतं. पावसाचं नाव नाही. गवत पिवळं पडलेलं, ट्राममध्ये माणसं एकमेकांना चिकटून मुकाट वाफाळत होती. मावशीने या सगळ्याकडे लक्ष दिलं नाही. जर्मनीचा धडा पुढचा होता.

"समुद्र किती लांब?" विमानतळावर तिचं पहिलं वाक्य.

"गाडीने एक दिवस. पण मावशी, जरा झोप तर काढ."

"झोपायला तासगाव आहे."

गाडी रुपेशची होती. रुपेश लुडविग्सहाफेनला रसायनांच्या कारखान्यात केमिस्ट, मूळचा पिंपळगाव बसवंतचा. म्हणजे नाशिक जिल्हा. म्हणजे तोही द्राक्षांचा. ही गोष्ट मी मावशीला सांगायला नको होती.

"नाशिकची द्राक्षं," गाडीत बसता बसता ती म्हणाली, "दिसायला छान असतात. पाणी फार."

"हो मावशी," रुपेश म्हणाला. "तुमच्याकडं पाणीच नाही, त्यामुळं तुमचा बेदाणा वेलीवरच होतो म्हणतात."

मावशीला तो तिथेच आवडला. मी त्याला आधीच बाजूला घेऊन बजावलं होतं की बाबा, काहीही बोल, पण मावशीला भूगोलात दुरुस्त करायचं नाही. "गेनाऊ," रुपेश म्हणाला होता. म्हणजे 'अगदी बरोबर'. हा शब्द तो पटलं तरी वापरायचा आणि नाही पटलं तरी वापरायचा. त्या वेळी कुठलं ते मला नंतर कळलं.

सरळ रस्ता स्वित्झर्लंडमधून होता. पण स्वित्झर्लंड तेव्हा शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपाच्या सामाईक व्हिसात, नव्हता आणि मावशीचा व्हिसा एकदाच आत शिरण्याचा. चुकून बासेलच्या बाजूला चाक गेलं असतं तर मावशी युरोपाबाहेर, आणि परत माझ्या सोफ्यापर्यंत यायला तिला मुंबईच्या वकिलातीवरून यावं लागलं असतं. म्हणून आम्ही फ्रान्समधून वळसा घेतला. गाडीतल्या नावीला, म्हणजे रस्ता सांगणाऱ्या यंत्राला, हे पटलं नाही. तिच्यातली बाई दर वळणावर अत्यंत सभ्य आवाजात म्हणायची, "बिट्टे वेंडन."

"काय म्हणते ही सारखी?" मावशीने विचारलं.

"परत फिरा म्हणते."

"कुठल्या शाळेची आहे?"

गाडीचा एसी बंद होता. लियॉनजवळ सगळा उत्तर युरोप आपापल्या छपरावर सायकली बांधून एका रस्त्यात उभा होता, त्यात आम्हीही उभे राहिलो. मावशीने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. शेजारच्या गाडीतल्या डच पोराने काचेतून हात पुढे केला, तिने त्याच्यावर एक दशमी ठेवली. पुढे कुठंतरी बसून बसून माझ्या पाठीचा एक भाग बधिर झाला. बिट्टे वेंडन, बाई म्हणाली. मला पहिल्यांदाच ती बरोबर वाटली.

बेलरोक हे फ्रान्सच्या दक्षिणेचं गाव समुद्रापासून जवळ, पण डोंगराच्या माथ्यावर. हवा खायला येणाऱ्यांचं गाव. हॉटेलच्या माहितीपत्रकात खिडकी, खिडकीत द्राक्षवेल, वेलीपलीकडे समुद्र. शेवटची वळणं चढताना काचेवर टप्प करून एक थेंब पडला.

आम्ही तिघांनी तो ओघळताना बघितला.

मग दुसरा पडला. रुपेशने वायपर लावायला हात नेला आणि आरशात मावशीकडे बघून परत घेतला.

"वरून कुणीतरी कुंड्यांना पाणी घालत असेल," मावशी म्हणाली.

हॉटेलात पोचेपर्यंत वरून कुणीतरी सगळ्या डोंगराला पाणी घालत होतं. हॉटेलचा मालक साठीचा, डोक्याला टोपी, जर्मन पाहुण्यांमुळे जर्मन येत असलेला. आमच्या बॅगा आत घेताना तो दोन्ही हात आभाळाकडे उडवून म्हणाला, "इम जूली? नी!"

"काय म्हणतो?"

"जुलैत? कधीच नाही, म्हणतो."

"बघ," मावशी म्हणाली. तिच्या पदरातून पाणी गळत होतं. "स्थानिक माणूस आहे."

दुसऱ्या दिवशीही पडत होता. मावशी नाष्ट्याला आली ती तयारीनेच. पावावर जॅम लावत म्हणाली, "हवा आणि हवामान यांतला फरक स्पष्ट करा. चार मार्काला असायचा. आज जे चाललंय ती हवा. पुष्कळ वर्षांची सरासरी काढली की हवामान. एका दिवसाच्या सरीने सरासरीला काही होत नाही."

"गेनाऊ," रुपेश म्हणाला.

"चला. गाव बघू."

मी दारातली छत्री उचलली.

"ती ठेव."

"मावशी, भिजशील."

"कशाने?"

तिने खरंच असं विचारलं. दाराच्या पलीकडे पन्हाळीतून मनगटाएवढी धार पडत होती आणि तिच्या आवाजात तोंडी परीक्षेतला शांतपणा होता. मी 'पावसाने' म्हणालो असतो तर पुन्हा नववीत बसलो असतो. मी छत्री ठेवली. भूमध्यसागरी उन्हाळ्यात छत्री घेऊन फिरणं म्हणजे आपणच आपलं उत्तर खोडणं, असा तिचा हिशेब होता, आणि तो तिने बोलून दाखवायचीही गरज नव्हती.

आम्ही तिघं बिनछत्रीचे बेलरोक बघत हिंडलो. मावशी पुढे, नऊवारीतल्या बायकांना लाजवील असा पाचवारीचा काचा मारून, पायात कॅनव्हासचे बूट. बूट पावलागणिक बोलत होते. चर्च बघितलं. कारंजं बघितलं, ते चालू होतं, कशासाठी ते कळेना. वाटेत स्टुटगार्टकडचं एक जोडपं भेटलं. जर्मन माणसाकडे प्रत्येक प्रकारच्या पाण्यासाठी एक जाकीट असतं, त्यांनी दोन-दोन घातली होती. आम्हाला मदत हवी का, असं त्यांनी काळजीने विचारलं.

"नाइन, डांके," मी म्हटलं. "आमचा उन्हाळा चालू आहे."

ते बराच वेळ मागे वळून बघत होते.

गावाच्या टोकाला समुद्र बघायचा कट्टा होता, त्यावर नाणं टाकून बघायची दुर्बीण. मावशीने डोळा लावला. पुष्कळ वेळ लावून ठेवला.

"दिसतो," ती म्हणाली.

"काय?"

"समुद्र."

मी बघितलं. कुणीतरी भिंगावर दही फासल्यासारखं दिसत होतं. "मावशी, नुसतं पांढरं आहे."

"फेस असेल."

तिच्या आवाजात आता जरा कमी मार्क होते. शेजारी कार्डांचा स्टँड होता, प्लास्टिकखाली. प्रत्येक कार्डावर निळं आभाळ, कोरडा डोंगर, द्राक्षं. मावशी त्या स्टँडसमोर उभी राहिली, कुणी देवळात राहावं तशी, आणि केसांतलं पाणी नाकावरून ओघळत असताना तिने स्टँड हळूहळू पूर्ण फिरवून बघितला. एकाही कार्डावर पाऊस नव्हता. "बघ," ती म्हणाली. पण मला नाही म्हणाली.

हॉटेलात परतल्यावर मी शर्टाच्या खिशातून कॅमेरा काढला. त्याच्या पडद्याआड छोटासा भूमध्य समुद्र तयार झाला होता. कॅमेऱ्याने एकदा ट्रिंग केलं आणि तो गेला. रुपेशचा कॅमेरा घरी होता, कारण माझा आहे म्हटल्यावर दोन कशाला. आमच्या फोनांना त्या काळी फक्त फोन करता येत असे.

तिसऱ्या सकाळी पाऊस होताच. मला कणकण होती, रुपेश शिंकत होता. मावशी जिन्याजवळच्या मागच्या खिडकीशी उभी होती. तिला नाष्ट्याला बोलवायला गेलो तर तिने हाताने थांब म्हटलं.

खाली हॉटेलच्या मागे द्राक्षबाग होती. माहितीपत्रकातली. तिच्या बांधावर आमचा मालक उभा होता. टोपी मागे सरकवलेली, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत अडकवलेले, मान वर. हलत नव्हता. पाऊस तोंडावर घेत होता आणि आभाळाकडे असा बघत होता जसं काही आभाळाने त्याच्याकडून काही नेलंय आणि आता ओळख दाखवत नाही.

मावशीने हा माणूस तीस वर्षं पाहिला होता. शाळेच्या वाटेवर. दर फेब्रुवारी-मार्चला. फक्त तेव्हा टोपी पांढरी असायची.

ती जिना उतरली आणि थेट चिखलात गेली. आम्ही मागोमाग. मालकाने वळून बघितलं, सवयीने हात उडवले, "इम जूली—" म्हणाला आणि मावशी त्याच्याकडे बघतही नाही हे बघून थांबला. ती वेलीची पानं बघत होती. पानांवर निळसर डाग होते, पावसाने अर्धवट धुतलेले. तिने एक पान दोन बोटांत चोळलं, चष्मा वर करून बघितलं, वास घेतला.

"मोरचूद," ती म्हणाली. "मोरचूद आणि चुना. पावसाळी बुरशीवरचं बोर्डो मारलंय."

"मावशी, बोर्डो फ्रान्सचंच—"

"बोर्डो अटलांटिकच्या बाजूला. तिथं पडतो पाऊस. ते वेगळं. हे इथं का मारलंय?"

तिने माझ्यावरून नजर काढली आणि मागच्या बाकाकडे वळवली.

"रुपेश. तू कारखान्यात काय करतोस?"

"केमिकल, मावशी."

"कसलं?"

रुपेशने माझ्याकडे बघितलं.

"त्याच्याकडे काय बघतोस? उत्तर त्याच्या तोंडावर लिहिलंय का?"

रुपेशने खिशातले हात काढले. डॉक्टरेट झालेला माणूस, पण हात आपोआप पाठीमागे गेले. "बुरशीनाशक. द्राक्षांवर मारायचं."

"आणि ते कुठं विकता?"

"सगळीकडंच." तो शिंकला. "या पट्ट्यात पण. बराच खप आहे."

"उन्हाळ्यात?"

"दव असतं, धुकं असतं. आणि मधूनच असा पाऊस येतो. दरवर्षी नाही. बहुतेक वर्षं कोरडीच जातात मावशी, धडा खोटा नाही. पण माणसं धास्तीनं मारतात. आपल्याकडं मारतात तशीच."

"हे तुला निघताना माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"तनय म्हणाला, तुम्हाला भूगोलात दुरुस्त करायचं नाही."

मावशीने माझ्याकडे बघितलं. त्यापेक्षा पाऊस बरा होता.

मग ती मालकाजवळ गेली. "विचार त्याला," मला म्हणाली. "उन्हाळ्यात पडतो का, विचार. नीट विचार."

मी विचारलं. मालकाने आधी हॉटेलच्या दाराकडे बघितलं. स्टुटगार्टचं जोडपं तिथं नाही याची खात्री केली. मग खांदे पाडून म्हणाला, कधीकधी. काढणीच्या आधी नेमका. मागे एकदा सगळी बाग गेली होती. पाहुण्यांना कोण सांगतं असलं.

मी मावशीला सांगितलं. ती मान हलवत राहिली.

"त्याला सांग," ती म्हणाली, "मी पण नाही सांगितलं. पोरांना. त्यांना वाटत होतं कुठंतरी एक जागा आहे. मला पण वाटत होतं."

हे मी जर्मनमध्ये कसं सांगितलं ते मला विचारू नका. ताप होता. मालकाने टोपी काढली, झटकली, परत घातली.

"छत्री आण," मावशी म्हणाली.

मी आणली. तिने ती उघडली आणि अर्धी मालकाच्या डोक्यावर धरली. दोघं बांधावर उभे राहून आभाळाकडे बघत होते. मग मालक फ्रेंचमध्ये काहीतरी पुटपुटला. मावशीने मराठीत काहीतरी पुटपुटलं, जे मी तिच्या तोंडून आयुष्यात ऐकलं नव्हतं आणि जे सरासरीत धरता येणार नाही. दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. उत्तर जुळलं होतं.

परतताना गाडीतली बाई एकदाही काही बोलली नाही. आम्ही शेवटी तिचं ऐकलं होतं.

ऱ्हाइन ओलांडून जर्मनीत शिरलो तर ऊन तसंच. रुपेश लुडविग्सहाफेनच्या पश्चिमेला, पॅलाटिनेट नावाच्या द्राक्षांच्या भागात, एका खेड्यात राहायचा, द्राक्षबागांच्या कडेला. गाडी थांबली तेव्हा माझ्या अंगात ताप होता आणि बाहेरही. मावशी उतरली आणि जागच्या जागी उभी राहिली.

घरामागे डोंगरउतारावर द्राक्षबाग. जमिनीला भेगा. कुंपणाला अंजीर, पलीकडे रस्त्याच्या कडेने बदामाची झाडं. आभाळ स्टँडवरच्या कार्डासारखं.

"उष्ण व कोरडा उन्हाळा," ती हळू म्हणाली. "द्राक्षे, अंजीर, बदाम. अरे, सगळं उत्तर इथं येऊन बसलंय."

"मग इथंच फोटो काढू," मी गाडीच्या टपावर डोकं ठेवून म्हणालो. "बागेत उभी राहा, हास, संपलं. तासगावात कुणाला कळतंय ते पॅलाटिनेट आहे म्हणून?"

ती बागेकडे बघत राहिली. मला वाटलं रागावली. पण ती विचार करत होती.

"काढू," ती म्हणाली. "पण पाऊस पाहिजे."

"आता?"

"फोटोत. तिथं जे झालं ते फोटोत पाहिजे. तिथं कॅमेरा मेला, त्याला मी काय करू. छत्री दे."

अशा रीतीने, ज्या बाईने दोन दिवस धो-धो पावसात छत्री उघडली नाही, ती पॅलाटिनेटच्या दुष्काळात द्राक्षबागेत छत्री उघडून उभी राहिली. रुपेश घरातून कॅमेरा आणि बागेची झारी घेऊन आला, कुंपणाच्या भिंतीवर चढला आणि वरून पाणी ओतू लागला. शेजारची म्हातारी कुंपणाशी आली. पाणी जपून वापरा अशी सूचना गावभर लागलेली असताना हे लोक एका आजीबाईंवर झारी का रिकामी करतायत, असं तिने विचारलं.

"शाळेसाठी," रुपेश भिंतीवरून म्हणाला.

"आख सो," ती म्हणाली आणि आत गेली. शाळेसाठी म्हटलं की जर्मनीत बरंच काही खपतं.

मी फोटो काढले. मावशीने हसायला नकार दिला. अवकाळीत कुणी हसत नाही, म्हणाली. मान वर, एक हात पाठीमागे, छत्रीवरून पाण्याच्या धारा. खरं सांगतो, बेलरोकपेक्षा चांगला पाऊस वाटत होता.

तिने कॅमेरा घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि छोट्या पडद्यावर फोटो असा तपासला जसा पेपर तपासावा. वरून खाली. शेवटी बोट ठेवलं.

"सावली."

छत्रीची काळीभोर, कातरून काढल्यासारखी सावली जमिनीवर पडली होती. शेजारी मावशीची.

"मागच्या बाकावरचं पोरगंसुद्धा ओळखेल," ती म्हणाली. "बाई, पावसात सावली कशी?"

"म्हणजे किती मार्क?"

"शून्य." तिने कॅमेरा माझ्या हातात परत दिला. "जाऊ दे. तोंडी सांगेन. पडतो म्हणून सांगेन, मी भिजले म्हणून सांगेन. तिथला माणूस बांधावर कसा उभा राहतो ते उभं राहून दाखवेन."

"ठेवतील विश्वास? फोटोशिवाय?"

"तीस वर्षं पडत नाही म्हणून सांगितलं," मावशी म्हणाली, "तेव्हा कुठं फोटो होता?"

ती छत्री तशीच उन्हासाठी डोक्यावर धरून घराकडे चालू लागली. रुपेशच्या झारीत थोडं पाणी उरलं होतं. ते त्याने जवळच्या वेलीच्या बुंध्याशी ओतलं.

मावशीने मागे न बघता मान हलवली.

"नाशिकवाले," ती म्हणाली. "पाणीच घालणार."